रेंज नसन

आमच्या गटात डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. सगळे पिणारेच, म्हणजे पिऊन झालेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी राजुऱ्यातल्या एका समाजमंदिरात आम्ही दहा-बारा जण सतरंजीवर बसतो आणि आळीपाळीनं बोलतो. मी गोंडपिपरीहून जातो. तिथं माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळल्या की लोक माझ्याकडे आणतात आणि मी जुनी तार काढून नवी भरतो. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हा मी चोरून प्यायचो, बंदी उठली तेव्हा उजळ माथ्यानं प्यायला लागलो. तारेचे वेढे चुकायला लागले आणि माझ्या हातून भरलेली मोटार आठवड्यात परत जळून आली, तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं. आता तीन वर्षं होतील.

लोकांना वाटतं, दारू सोडली की घर परत मिळतं. माझं उलटंच झालं. मी पीत होतो तोवर बायको राहिली, कारण मला नालीतून उचलून आणायला, ओकारी पुसायला, गिऱ्हाइकांना काहीबाही सांगून वाटेला लावायला कुणीतरी लागायचं. मी सुधारलो आणि वर्षाच्या आत ती मुलीच्या बाळंतपणासाठी चंद्रपूरला गेली, ती तिथंच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "आता तुमी सोताले सांभाळून राह्यले ना. मंग मले राहू द्या जरा इथी." तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं.

जुने दोस्तही गेले. भांडून नाही गेले. मी दिसलो की त्यांना एकदम कामं आठवायची. पानठेल्यावर मी जाऊन उभा राहिलो की हसणं थांबायचं, जसा काही मी हजेरी घ्यायला आलेला मास्तर. सहा वाजता दुकानाचं शटर ओढायचो. पूर्वी सहा ते आठ हे दोन तास कुठं जायचे ते कळायचं नाही. आता मी भात टाकायचो, भात व्हायचा, जेवायचो, भांडी घासायचो, ओटा पुसायचो, आणि घड्याळात बघावं तर सात वाजायलाही अजून वेळ असायचा.

सातला मात्र एक काम होतं. आमच्या गटात प्रत्येकाला एक जोडीदार असतो. रोज संध्याकाळी सातला एकानं दुसऱ्याला मिस्ड कॉल द्यायचा, दुसऱ्यानं उलटा द्यायचा. एक घंटी आणि कट. अर्थ एवढाच, की आज घेतली नाही. बोलायचं नाही, कारण बोलायला लागलं की माणूस सबबी सांगतो, आणि सबबी सांगण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. पण घंटी वाजतच राहिली, तर हातातलं काम टाकून फोन उचलायचा. वाजत राहिलेली घंटी म्हणजे समोर बाटली आहे. आणि जोडीदाराशी खोटं बोलायचं नाही. बायकोशी, पोलिसांशी, देवाशी बोलून झालंच आहे. एक माणूस तरी शिल्लक ठेवायचा, असं आमच्यातला सगळ्यात जुना माणूस म्हणतो.

माझ्या वाट्याला जिवतीकडच्या डोंगरातला एक गोंड माणूस आला. पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. कापूस आणि ज्वारी, तीही पावसाच्या भरवशावर. त्याची मराठी बेताची आणि माझी गोंडी त्याहून बेताची. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "मोटार दुरुस्त करते का तू?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "आमच्या इथी मोटार नाई. पाणीच नाई ना." झालं आमचं बोलणं. मला वाटलं, गटानं माझी थट्टा केली.

पण घंटीचा तो पक्का होता. त्याच्या गावात रेंज नाही. गावामागं टेकडी आहे, तिच्यावर एक सपाट खडक आहे, तेवढ्याच जागी फोन लागतो. शेतावरून आला की तो आधी खडकावर चढायचा, घंटी द्यायचा, माझी घंटी आली की उतरायचा. पावसातही. त्याला दोनदा रक्ताची उलटी झाली होती आणि डॉक्टरनं त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं की परत प्याला तर आता इथं आणण्यात अर्थ नाही. मला हे माहीत होतं. त्याला माझं काय माहीत होतं कोण जाणे. दोन वर्षांत आम्ही मिळून तासभर बोललो असू. तरी दिवसभरात माझ्यासाठी म्हणून वाजणारी ती एकच घंटी होती, आणि पावणेसातपासून मी फोन उपडा न ठेवता सरळ ठेवायचो.

गेल्या हिवाळ्यात नातवाचा पहिला वाढदिवस होता. मुलीनं बोलावलं. मी नवा शर्ट घेतला, दाढी केली, दुपारीच चंद्रपूरला पोचलो. बायको दारात आली आणि माझी कॉलर सरळ करायच्या निमित्तानं जवळ येऊन तिनं वास घेतला. मला कळलं. तिला कळलं की मला कळलं. मग ती हसली आणि आत घेऊन गेली. व्याह्यांना म्हणाली, "यायचा हात लय चांगला आहे बरं मोटारीच्या कामात. दूरदुरून लोक येतात." तिनं माझ्याबद्दल चार लोकांत काही चांगलं बोललेलं मी किती वर्षांनी ऐकत होतो. नातू माझ्या मांडीवर होता. त्याच्या हाताला केकचं क्रीम लागलं होतं आणि ते तो माझ्या नव्या शर्टाला पुसत होता.

सातला घंटी वाजली. एक. दोन. तीन. चार. मी फोन काढला, नाव बघितलं. बायको बघत होती. मी फोन कापला नाही. आवाज बंद केला आणि खिशात ठेवला. तो खिशात थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरायला लागला. मी नातवाला उंच धरलं. सगळे हसले, मीही हसलो.

नाव पाहायचं राहून गेलं, गडबडीत कळलं नाही, असलं काही मी सांगणार नाही. त्या वेळी मला तो नको होता. मला एक संध्याकाळ सुधारलेला दारुडा व्हायचं नव्हतं, नुसता आजोबा व्हायचं होतं. तासाभरानं अंगणात जाऊन मी उलटा फोन लावला, तर तो क्षेत्राबाहेर. दुसऱ्या दिवशी सातला घंटी आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. चौथ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही.

राजुऱ्याला बस बदलली. गडचांदूरहून जीप मिळाली ती सिमेंटच्या ट्रकांची धूळ खात घाटापर्यंत आली, पुढं एका मोटारसायकलवाल्यानं सोडलं. सगळ्या रस्त्यात मी एकच वाक्य घोकत होतो: भाऊ, मी फोन पाहिला होता आणि उचलला नाही. दारूच्या किती दुकानांसमोरून आलो ते मी मोजलं नाही, पण एकही नजरेतून सुटलं नाही.

त्याची बायको अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बसली होती. गटातल्या एका कार्यक्रमात तिनं मला पाहिलेलं होतं. तिनं पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ तापानं गेला होता. गेलेल्या माणसासाठी त्यांच्यात मोहाची दारू जमिनीवर सोडतात, आणि घरातला मोठा म्हणून ती यानं सोडायची होती. "सोडावी लागते त सोडीन, पण मंग पेवाही लागन का, हे त्याले समजून नोयतं राह्यलं," ती म्हणाली. "गावात कोणाले विचारन? हासतीन ना. म्हणून खडकावर गेला तुमाले विचाराले. लय वेळ होता वरतं, भाऊ. उतरला अन् पानाचा दोना तोंडाले लावला. तवापासून पेऊनच राह्यला."

मी आत गेलो. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझी चाहूल लागल्यावर वळला. डोळे पिवळे झाले होते.

"भाऊ, मी पेलो," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, "फोन केलता तुले. रेंज नसन तुयी."

त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. कोपऱ्यात मोहाचं मडकं होतं. मला वाटलं, आता खरं बोललो तर हा उठेल आणि थेट त्या मडक्याकडे जाईल. खरोखर असं वाटलं. पण तेवढंच होतं असं नाही. मला त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, हेही होतं.

"हो," मी म्हणालो, "रेंज नव्हती."

"तेच म्हणलं मी," तो म्हणाला, आणि बायकोकडे पाणी मागितलं.

मी दोन दिवस राहिलो. त्याला गडचांदूरच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. या वेळी रक्त आलं नाही. गावातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला त्याच्या बायकोनं विचारलं, तर तो म्हातारा चिडूनच म्हणाला, "मोह देवाले पायजे. तुले पे म्हणून कोणं सांगतलं?" इतकं सोपं उत्तर होतं. त्या संध्याकाळी फोनवर मीही कदाचित हेच सांगितलं असतं. किंवा काहीच सुचलं नसतं, पण तो माझ्याशी बोलत राहिला असता आणि वेळ निघून गेली असती.

पंधरा दिवसांनी घंटी पुन्हा सुरू झाली. पहिल्या रविवारी तो राजुऱ्याला आला आणि कधी न बोलणारा माणूस त्या दिवशी बोलला. "मी पेलो, अन् माया जोडीदार गाड्या बदलत डोंगरात आला," त्यानं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. एक नवा माणूस म्हणाला, जोडीदार असावा तर असा. मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत बसलो. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, मी ठीक आहे, आणि पुढच्याकडे बोट केलं.

मी ठीक नव्हतो. बाटलीच्या आधी खोटं येतं, हे आम्हा लोकांना पक्कं ठाऊक आहे. बाटली मागून आरामात येते. सातला घंटी वाजली की पूर्वी बरं वाटायचं. आता वाटायचं, ही घंटी मी फसवून घेतो आहे. उलटी घंटी देताना बोट अडायचं. तोवर मी गावात एकटा होतो, घरात एकटा होतो. आता त्या घंटीपुढंही एकटा झालो. दोनदा मी शटर ओढून घराकडे न वळता दुकानाच्या गल्लीकडे वळलो. कुठल्या दुकानाच्या ते सांगायला नको. दोन्ही वेळा परत आलो, पण तिसऱ्या वेळेची मला खात्री देता आली नसती. कुणाला सांगणार? सांगायचा एकच माणूस होता आणि नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं.

असे चार महिने गेले. उन्हं तापायला लागली होती. बैठक संपवून आम्ही राजुऱ्याच्या स्टँडवर उभे होतो, तो जिवतीच्या गाडीसाठी, मी बल्लारपूरमार्गे गोंडपिपरीच्या. तो पुडीतल्या शेंगा सोलून खात होता. मी त्याच्याकडे न बघता बोललो.

"भाऊ, त्या दिवशी रेंज होती. मी तुयं नाव पाह्यलं, अन् नाई उचलला."

त्यानं शेंग सोलली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "मले माहीत आहे."

"कवापासून?"

"तवाच. नातवाच्या वाढदिवसाले चंद्रपूरले जाऊन राह्यलो, असं तूच नाई का आंधी सांगतलं गटात? चंद्रपुरात रेंज नाई, असं कुठी असते का? अन् घंटी त वाजून राह्यली होती ना, मले आयकू येत होतं."

"मंग रेंज नसन म्हणून काऊन बोलला तू?"

तो जमिनीकडे बघायला लागला. मराठी शब्द शोधत असला की तो असंच करतो.

"तू दरवाज्यात उभा होता, तवा तुयं तोंड पाह्यलं मी," तो म्हणाला. "तुले वापस एकट्यालेच जाचं होतं ना एवढ्या रस्त्यानं. मी त पेलोच होतो, भाऊ. तू त बाकी होता."

जिवतीची गाडी लागली. गर्दीत घुसून त्यानं खिडकी धरली आणि आतून हात हलवला. गाडी वळली तरी मी दाणे मुठीत धरून तिथंच उभा होतो. मग मला रडू आलं, आवरेना, भर दुपारी स्टँडवर हुंदके देऊन रडलो. बाकावरच्या बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली, आणि नाकाला पदर लावून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.