मी शोधलेली निवांत जागा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधे हसलात तर मला पुढचं सांगता येणार नाही. मी जो घोळ घातला ना, तो घालायला डोकं लागत नाही, नुसता उत्साह लागतो. उत्साह माझ्याकडे पोत्यानं आहे. डोक्याचं म्हणाल तर नववीत शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं, त्यानंतर त्याची चौकशी कोणी केली नाही.

तर ऐका. आमचा दादा पोळ्याच्या आठवड्यात गेला. ताप आला, नागपूरला नेला, आणि परत आणला तो तसाच. आमच्या करडी गावात दादा व्हॅन चालवायचा, शाळेची पोरं ने-आण करायचा. धान निघालं की सगळ्यांनी त्याच व्हॅननं फिरायला जायचं, तळ्याच्या काठी तंबूत राहायचं, असं त्यानं त्याच्या पोरीला, चिकूला, कबूल केलं होतं.

धान निघालं. आठ वर्षांची चिकू रोज सकाळी उठून व्हॅनची काच पुसायला लागली. बोलायची काही नाही. नुसती काच पुसायची.

आता मी काय दगडाचा आहे? एक दिवस म्हणून टाकलं, "चाल चिकू, जाऊ तंबूत!"

वहिनी धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, तुमाले तंबू लावता येते?"

"येते ना." येत नव्हता.

"जागा माहीत हाये?"

"हाये ना." नव्हती.

वहिनीनं सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, "जागा कोणतीबी पाहा. वाघ असन तरी चालन. पण माणसं नको."

याचं कारण सांगतो. दादा गेल्यापासून जो घरी येतो तो एकच विचारतो, "कसं झालं वं बाई?" आणि वहिनी पहिल्यापासून सांगते. एक जण चहा पिऊन उठला की दुसरा येतो, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेवटी तर चिकूला सगळं पाठ झालं. दार उघडायची, पाण्याचा गिलास पुढे करायची आणि स्वतःच सुरू करायची, "पयले ताप आला, मंग नागपूरले नेलं..." मी मागच्या दारानं निघून जायचो. म्हणून वहिनीला एकच दिवस असा पाहिजे होता, की जिथे कोणी काही विचारणार नाही.

एवढं साधं काम. मोटारसायकल काढली आणि जागा पाहायला निघालो.

तयार तंबूवाली जागा आधी पाहिली. तिथे अर्धं नागपूर उतरलं होतं, आणि उरलेलं अर्धं यायचं होतं म्हणे. ती बाद. जंगलाच्या बाजूला गेलो तर तिथला चौकीदार म्हणाला, "लाव ना तंबू. सकाळी तंबू सापडन, तू नाई सापडत." वहिनीला वाघ चालत होता, पण आईला चालत नव्हता. तीही बाद. एक जागा मात्र फार आवडली. आंब्याची सावली, वाहतं पाणी, चिटपाखरू नाही, टिनाचं शेडसुद्धा. शेड कशासाठी आहे ते जवळ गेल्यावर, खालची राख पाहून कळलं. गाडी तशीच वळवली.

मग साकोलीकडच्या एका गावात आलो. गावाचं नाव सांगत नाही. मी तळ्याच्या बांधावरून, म्हणजे गावाच्या पाठीमागून आलो, आणि पाहतो तर काय! मोकळ्या जागेत मातीचा छान उंचवटा. वर टेबलासारखा सपाट. पाणी साचणार नाही, साप चढणार नाही. बाजूला हातपंप. थोड्या अंतरावर शाळा, शाळेला संडास. माणूस एकच, शेळ्या राखणारा म्हातारा.

"बाबाजी, इथं तंबू लावला तं चालन का?"

"लाव ना गा. दरसाल लागते."

दरसाल! म्हणजे जागा नावाजलेली होती!

"संग फॅमिली हाये जी."

"फॅमिलीच तं येते इथं. बायामाणसं, लेकरंबाळं, सारे येते."

"लोकायचा त्रास?"

"कायचा त्रास? गुपचूप बसून रायते बिचारे."

आता तुम्हीच सांगा, कुटुंबाला घेऊन जायला याच्यापेक्षा चांगली जागा अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडली असती का?

राहिला तंबू. तो मी आमच्या बिछायतवाल्याकडून घेतला. लग्नामांडवाचं सामान भाड्यानं देतो तो. म्हणाला, "लहान तंबू माह्याकडं नाई, पण लहान शामियाना देतो." लाल-पांढऱ्या कनाती दिल्या, बांबू दिले. "पोरीले थंडी लागन," म्हणून समोरून लावायला जाड हिरवा मखमली पडदा दिला, सोनेरी झालरीचा, दोरी ओढली की मधून उघडणारा. आणि अंधार नको म्हणून एक मोठा फोकस. भला माणूस. मला सांगा, या सगळ्यात माझं डोकं कुठे चालायला पाहिजे होतं? चाललं नाही.

तर दुपारी आम्ही पोचलो. मी, आई, वहिनी आणि चिकू. त्या उंचवट्यावर मी शामियाना ठोकला, समोर हिरवा पडदा लावला, पुढे खाली एका बांबूवर फोकस बांधला. आईनं आत चूल मांडली. वहिनी तळ्याकडे पाहत बसली आणि म्हणाली, "बरं वाटून राहिलं, भाऊजी." दादा गेल्यापासून हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. मी वाघासारखा फिरायला लागलो.

चिकूनं व्हॅनमधून दादाचा गाण्याचा डबा आणला. त्याला माईक आहे. पोरगी माईकमधे बोलली, "हॅलो, हॅलो, चेक, चेक!" पोरीचा आवाज तळ्यावरून गावात गेला आणि परत आला. म्हटलं, बोलू द्या. किती दिवसांनी मनानं बोलते आहे.

थोड्या वेळानं दोन पोरी आल्या. समोरच्या खोलगट जागेत त्यांनी रिकामी पोती अंथरली, त्यांच्यावर दगड ठेवले आणि पळाल्या. मी हात हलवला. मग एक बाई चटई टाकून गेली. मग दुसरी. मग एक जण भज्यांची कढई घेऊन आला आणि त्यानं बाजूला स्टोव्ह पेटवला. म्हटलं, चला, नाश्त्याचीही सोय आहे इथे.

दिवस मावळता मावळता वहिनीनं पडदा थोडा बाजूला केला आणि झटकन सोडला.

"भाऊजी. लोकं बसून राहिले."

"कुठं?"

"समोर. आपल्याकडं तोंड करून."

मी फटीतून पाहिलं. माणूसच माणूस! घोंगड्या, शाली, कडेवर लेकरं, बैलगाड्या. जो तो पडद्याकडे डोळे लावून बसलेला. पडदा हलला म्हणून मागून कोणीतरी शिट्टी मारली.

तेवढ्यात आई लोटा घेऊन पडद्यातून बाहेर निघाली. तिला शाळेकडे जायचं होतं. समोर टाळ्या!

"आली, आली! म्हातारीचं काम करणारी आली!"

"चाल पाहा कशी चालते! अगदी खरी बुडी वाटते!"

आई लोटा तसाच घेऊन उलट्या पावली आत आली. मला म्हणाली, "गोलू, कुठं आणलं रे बाबा आमाले?"

मी कनातीच्या बाजूनं खाली उतरलो. सगळ्यात पुढे तोच शेळ्यावाला म्हातारा, धुतलेलं धोतर, खांद्यावर शाल.

"बाबाजी, हे लोकं कायले आले जी?"

"नाटकाले."

"कोणाचं नाटक?"

"तुमचं!"

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अहो, तो उंचवटा म्हणजे नाटकाचा स्टेज! आणि समोरचा खोलगट भाग म्हणजे लोकांची बसायची जागा! मी झाडीपट्टीचा पोरगा. भाऊबीजेपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात आणि पाळण्यात होतो तेव्हापासून मी ती पाहतो. पण स्टेज मी जन्मभर अंधारात आणि समोरूनच पाहिला. दुपारच्या उन्हात, मागून, पडद्याशिवाय कोण पाहते?

"पण बाबाजी, तुमच्या गावानं नाटक बोलावलं होतं का?"

"नाई ना गा! औंदा वरची टोली अन् खालची टोली, दोन वस्त्यायच्या दोन मंडळायचं भांडण झालं, नाटक रद्द. तुयी गाडी आली तं वरच्या टोलीले वाटलं खालच्यायनं बोलावलं, खालच्यायले वाटलं वरच्यायनं. आता एकमेकाले विचारन कोण? बोलत नाई ना ते."

बाहेरगावी नांदणाऱ्या लेकींना फोन गेले होते. जावई येऊन बसले होते. आमच्याकडे नाटक म्हणजे घरोघरी पाहुणे आणि घरोघरी कोंबडा. एकाच्या पोरीला पाहायला मुलाकडचेसुद्धा आले होते, नाटकाच्या निमित्तानं. माझ्या एका शामियान्यापायी अख्ख्या गावाच्या कोंबड्या कापल्या गेल्या होत्या!

आत आलो. वहिनी पडद्याकडे पाठ करून बसली होती. चिकू तिला चिकटली होती.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "मी तुमाले एकच गोष्ट सांगतली होती."

म्हटलं, आवरू. पण पाहतो तर व्हॅनच्या मागे बैलगाड्या, पुढे मोटारसायकली. बाहेर "पडदा! पडदा!" सुरू झालं. आणि माझं कसं आहे, मी विचार करत नाही. चिकूच्या हातातला माईक घेतला आणि पडद्याच्या मधून बाहेर निघालो. खाली कोणीतरी फोकस माझ्या तोंडावर वळवला.

"नमस्कार. नाटक नाई हाये."

हशा!

"आमी फक्त मुक्कामाले आलो जी."

जोराचा हशा! एक जण ओरडला, "कॉमेडी पार्टवाला हाये रे हा!"

"खरंच सांगून राहिलो! हा आमचा तंबू हाये! आत माही आई हाये!"

लोक एकमेकांवर पडून हसायला लागले. मला राग आला. आणि रागात माझ्या तोंडून निघून गेलं, "हसू नोका! माहा दादा गेला!"

शेंगा फोडायचा आवाजसुद्धा थांबला.

मग मला थांबता आलं नाही. कसा ताप आला, कसा नागपूरला नेला, रस्त्यात त्यानं मला काय म्हटलं, व्हॅन हळू चालव म्हणाला, स्वतः मरत असताना! धानाचं सांगितलं. व्हॅनच्या काचेचं सांगितलं. घरी कोणी विचारलं की मागच्या दारानं पळणारा मी, फोकसमधे उभा राहून, माईकमधून, नाकाडोळ्यातून पाणी गाळत, अख्ख्या गावाला सांगत होतो. बाया पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या.

शेवटी शब्द संपले. मी नाक ओढलं, ते माईकमधून सगळ्या तळ्याला ऐकू गेलं.

आणि टाळ्या! अशा टाळ्या की तळ्यातले बगळे उडाले! म्हातारा स्टेजवर चढला, माझ्या खिशाला बक्षिसाची नोट टाचली आणि माईकमधे म्हणाला, "रडाचं काम एक नंबर! पण नाटकपार्टीवाले हो, सीन लय लहान झाला. आता हिरोईनले बाहेर काढा."

मी आत पळालो. वहिनी पदराचा बोळा तोंडात घालून हलत होती. मला वाटलं, झालं, रडवलं मी तिला. जवळ बसलो.

"वहिनी, चुकलं माहं..."

तिनं पदर काढला. हसत होती! डोळ्यातून पाणी येत होतं, पण हसत होती.

"भाऊजी, एवढे लोकं आले, पण एकानंबी विचारलं नाई कसं झालं म्हणून. तुमीच सांगून मोकळे झाले!"

पुढचं थोडक्यात सांगतो. नाटक नाही हे पुढे बसलेल्यांना पटायला वेळ लागला, मागच्यांना तर शेवटपर्यंत पटलं नाही. पण पाहुणे घरी, कोंबडा चुलीवर, मग गाव काय गप्प बसते? वरच्या टोलीचा एक जण चढला आणि त्यानं कधीकाळी केलेल्या राजाचं भाषण ठोकलं. त्याला उत्तर द्यायला खालच्या टोलीचा चढला. भांडण असलं म्हणून काय झालं, प्रधानाशिवाय राजा एकटा कोणाशी बोलणार? आमच्या शामियान्यात, आमच्या पडद्यासमोर त्यांचं नाटक सुरू झालं. चिकू पडदा ओढायच्या दोरीवर बसली. त्या दिवशी तो पडदा जेवढ्या वेळा उघडला तेवढा बिछायतवाल्याच्या जन्मात उघडला नसेल.

वहिनी खाली जाऊन बायांमधे बसली, कोणाच्या तरी पोत्यावर. कोणी ओळखीचं नाही. तिच्या शेजारणीनं तिच्या ओंजळीत शेंगा ओतल्या. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, तर त्या दोघींच्या मागेच अंधारात सापडली. निवांत बसलो.

तर ती शेजारीण वहिनीला विचारते, "वं बाई, तो रडणारा पोरगा कोण व्हय?"

वहिनीनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"मले का माहीत? असन पार्टीतला कोणी."

"रडते मस्त, नाई?"

"रडते बरा," वहिनी म्हणाली. "फक्त जागा पाहून रडत नाई."