काकूंच्या खुर्चीचा उजवा हात

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मांजर आणि खुर्ची यांच्यात तह घडवून आणण्यासाठी आपली सगळी पेन्शनीतली उमेद खर्च करणारा मुत्सद्दी या भूतलावर एकच होऊन गेला. तो पनवेलला राहत होता आणि नात्याने माझा चुलतसासरा लागत होता.

काकांना दोन नाद. एक तपकीर आणि दुसरा चौकशी. तपकिरीने नाक इतकं बधिर झालं होतं की चुलीवर दूध करपून शेजारी धावत आले, तरी हे विचारत, "काय हो, आज सगळे इकडे कसे?" चौकशीचं म्हणाल, तर पाल भिंतीवरून का पडत नाही हे बघायला ते जेवण सोडून उठायचे. काकू मात्र शांत. संध्याकाळी दिवा लावून वेताच्या खुर्चीत बसायच्या, खुर्चीच्या उजव्या हातावर नखं खर्र खर्र फिरवून आपल्या पिवळ्या मांजरीला बोलवायच्या आणि ती मांडीवर आली की वाती वळत बसायच्या. काकू गेल्या. मागे राहिली खुर्ची आणि मांजरी, आणि थोड्याच दिवसांत मांजरीने खुर्ची ओरबाडायला घेतली.

दुसरा कोणी असता तर त्याने काठी उगारली असती. काका खुर्चीसमोर पाट मांडून बसले. "आधी डावा पंजा लावते, जावई! असं का असावं?" मग प्रयोग सुरू झाले. वेताला मिरचीची पूड चोळली, आणि तोच हात डोळ्याला लावून काका स्वतःच अंगणभर नाचले. मांजरीला लोकरीचे मोजे शिवले, तर ती चिखल तुडवल्यासारखी पाय झटकत चालली आणि मोजे काढून खुर्चीकडे गेली. ते तिला "बाई" म्हणून समजावत, "बाई, हे तुमच्याच मालकिणीचं सामान आहे हो."

अशात पेणहून त्यांची थोरली बहीण, आक्का आली. खुर्चीचा सुटलेला वेत पाहून तिने फर्मान काढलं, "वहिनीची एवढी एक वस्तू राहिली, तीही ही खाणार? उद्या मांजर गोणीत घालायची आणि कर्नाळ्याच्या रानात सोडून यायची."

काकांचा चेहरा उतरला. दोन्ही काकूंच्याच, एक ठेवायला दुसरी कशी टाकणार? तडक उठून ते खाडीकडच्या एका कोळणीकडे जाळं मागायला गेले. जाळ्यात नखं अडकली की मांजरी ओरबाडणं आपोआप सोडेल, असा त्यांचा सिद्धांत होता.

"काका, जालं कशाला हवंय? म्हावरं धरनार का काय?" कोळीण हसून म्हणाली. "न्या, पन वास येतो हां त्याला!"

"वास?" काकांनी जाळं नाकाला लावून हुंगलं. "छे! कसला?"

खुर्चीला जाळं गुंडाळून झालं मात्र, आळीतली यच्चयावत मांजरं ओटीवर हजर! एक जाळं चाटतंय, एक खुर्चीखाली गुरगुरतंय, आणि काका कौतुकाने विचारताहेत, "यांना बातमी कोणी दिली असेल?"

आक्काने नाकाला पदर लावून जाळं अंगणात भिरकावलं. त्यामागे सगळी फौज गेली. मागे राहिली एकटी पिवळी मांजरी. आक्का गोणी घेऊन तिच्यावर झेपावणार, तोच दिवेलागण झाली म्हणून मी दिवा लावला.

मांजरी खुर्चीपाशी गेली. उजव्या हातावर पंजा ठेवून तिने ओरबाडलं. खर्र, खर्र. थांबली. रिकाम्या बैठकीकडे मान वर करून पाहिलं. पुन्हा खर्र, खर्र. पुन्हा पाहिलं.

काकांच्या चिमटीतली तपकीर नाकापर्यंत पोचलीच नाही. आणि आक्काच्या हातून गोणी गळून पडली, तिच्या तोंडून एकदम निघून गेलं, "अगं वहिनी, ये की गं बाई, कधीची बोलावतेय ती तुला!"