आनंदराव आणि रुसलेली शेपटी

"पाणी गप्प असतं, मुकं नसतं," असं आनंदराव म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत म्हणायचे, भाजीच्या गाडीशी म्हणायचे, आणि वरण खारट झालं तर जेवताना दोनदा म्हणायचे.

"मग त्या पाण्यालाच वाढायला सांगा," कांताबाई, त्यांची बायको, चुलीपासूनच उत्तर द्यायच्या.

पण हे बोलणं त्यांच्या तोंडी शोभायचं. इंदूरच्या एका कापड मिलच्या रंगखात्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. सुताला रंग काही आपणहून नीट लागत नाही. पाण्यात मीठ पडलं, की मग तो मुकाट्यानं सुतात शिरतो. मीठ किती पडलंय हे साहेब काचेच्या नळीत बघायचा, आणि आनंदराव करंगळी बुडवून जिभेवर. साहेबाची नळी पुसून होईपर्यंत इकडे निकाल लागलेला असायचा.

मग मिल बंद पडली. भोंगा थांबला, फाटकाला कुलूप लागलं, आणि मिलशेजारच्या परदेशीपुऱ्यातल्या माणसांना वेळ कळायला घड्याळं लावावी लागली. आनंदरावांनी सात वर्षं सायकल स्टँड सांभाळला. पुढे विजय नगरकडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रोजंदारीवर लागले. वडील महूच्या पलटणीतले, त्यामुळे चाल ताठ. बाटल्या धुवायलाही ते परेडला निघाल्यासारखे निघायचे.

प्रयोगशाळा इरावती मॅडमची. त्या सांगलीहून आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या आणि रागावल्या की फार सभ्य बोलणाऱ्या. त्यांनी बोटाएवढी एक पट्टी केली होती. मधे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा, दोन्ही अंगांना धातूचा पातळ मुलामा. दोन तारा लावून खेळण्यातल्या बॅटरीएवढी वीज दिली, की पट्टी वाकायची. वीज उलटी केली, की दुसरीकडे वाकायची. मोटर नाही, चाक नाही. आनंदरावांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'शेपटी' ठेवलं.

"हिच्या आत कोण बसलंय मॅडमजी?"

"मीठच आहे. लिथियमचं," मॅडम म्हणाल्या. "मिठाचे भारलेले कण पडद्यात असतात. वीज आली की ते सगळे एका बाजूला पळतात, जाताना पाणीही ओढून नेतात. ती बाजू फुगते आणि पट्टी वाकते. लिथियम भरपूर पाणी नेतो, सोडियम कमी, पोटॅशियम त्याहून कमी."

"म्हणजे पोटॅशियम आमच्या मिलमधला वासुदेव! अरे भिया, पाण्याला पाठवलं तर रिकामी बादली हलवत परत यायचा."

मॅडम हसल्या. ते हसू एकच दिवस टिकलं.

मग शेपटी रुसली. दुपारी छान वाकलेली पट्टी दुसऱ्या दिवशी जेमतेम मान हलवायची. मॅडमनी तारा बदलल्या, बॅटरी बदलली, नव्या पट्ट्या केल्या. त्याही एका रात्रीत म्हाताऱ्या झाल्या. शुक्रवारी दिल्लीहून समिती येणार होती. शेपटी हलली तर प्रकल्प आणखी दोन वर्षं, नाही तर महिनाअखेर बंद. आनंदरावांची रोजंदारीही त्याच प्रकल्पातली. एका आयुष्यात दोन फाटकं बंद होताना बघायची त्यांची तयारी नव्हती.

"चोर पकडतो मॅडमजी," ते मिशीला हात लावून म्हणाले. "पाण्यालाच विचारतो."

"काहीही चाखायचं नाही, आनंदराव. ही कृपा करा," मॅडम फार सभ्यपणे म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी मॅडम यायच्या आधी आनंदरावांनी पट्ट्यांच्या काचेच्या ताटलीवरचं झाकण काढलं आणि करंगळी बुडवली. जीभ पोळेल म्हणून डोळे मिटले. काहीच झालं नाही. खारट नाही, कडू नाही. जड, खडूसारखं, ओळखीचं पाणी. त्यांनी डोळे उघडले. समोर कोपऱ्यातला नळ थेंब थेंब गळत होता. कॉलेजच्या बोअरचं पाणी! चहाच्या पातेल्यात याच पाण्याचा पांढरा थर चढायचा, आणि तो तेच घासायचे.

मग चोर त्यांना दिसला. चोराला मिशी होती.

मिलचा नियम होता: घरी जाताना माल मिठाच्या पाण्यात ठेवायचा नाही. बावीस वर्षांची सवय. रोज संध्याकाळी ते मायेनं पट्ट्या नळाखाली धूत, मिठाचं पाणी ओतून देत आणि सुकू नयेत म्हणून ताटलीत नळाचंच ताजं पाणी भरत. दोन्ही पाणी दिसायला सारखं. पण मिलमध्ये धुवायला गाळून मऊ केलेलं पाणी होतं. इथल्या पाण्यातला चुना रात्रभरात पडद्यात शिरायचा, लिथियमला हुसकावून त्याच्या जागी ठाण मांडायचा, आणि काही केल्या हलायचा नाही.

सांगावं तर नोकरी जाणार. न सांगावं तर शुक्रवारी जाणार. आनंदरावांनी चहा केला, आणि मॅडम आल्यावर कप पुढे ठेवून घसा खाकरला.

"मॅडमजी, आमचा तो वासुदेव. माणूस लाख मोलाचा, पर दिमाग थोडा कच्चा. रोज सुटीच्या आधी चांगला माल भलत्याच पाण्यानं धुवायचा."

मॅडमनी कप खाली ठेवला. नळाकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं.

"किती वाजता धुवायचा हो वासुदेव? पाचला?"

"साडेचारला," आनंदराव कान खाजवत म्हणाले. "पाचला त्याची सायकल निघायची."

मॅडमनी उठून गळता नळ घट्ट पिळला.

"मग वासुदेवाला काढून टाकलं?"

"नाही जी. जे बिघडवलं, तेच त्याच्याकडून नीट करून घेतलं."

मॅडम आधी रागावल्या, मग त्यांना हसू आवरेना. पट्ट्या सौम्य आम्लात उकळून चुना बाहेर काढला, शुद्ध पाण्यानं धुतल्या आणि लिथियमच्या द्रावणात बुडवल्या. एक पट्टी मात्र मॅडमनी मुद्दाम नळाच्याच पाण्यात ठेवली आणि तिच्या ताटलीवर चिठ्ठी लावली: वासुदेव.

शुक्रवारी शेपटी अशी वाकली, की समितीतले वयस्कर गृहस्थ खुर्चीतून उठले. "ठीक है, पण साध्या पाण्यात हिचं काय होईल?" त्यांनी विचारलं. मॅडमनी शांतपणे दुसरी ताटली पुढे सरकवली, आणि रोजच्या घसरणीचे आकडेही. पट्टी कशानं बिघडते हेही मोजून ठेवलेलं बघून गृहस्थ त्या आळशी पट्टीवरच जास्त खूश झाले.

"ये किसने किया?"

"आमच्या रंगखात्याच्या तज्ज्ञांनी," मॅडम म्हणाल्या. दाराशी उभ्या असलेल्या तज्ज्ञांनी छताकडे पाहिलं.

समितीची गाडी गेली. प्रकल्पाला दोन वर्षं मिळाली. साडेचार वाजले. आनंदरावांनी ताटल्यांवर झाकणं घातली, हात पाठीमागे बांधले आणि निघाले. नळापाशी त्यांचे पाय थांबले. बोटं तोटीपर्यंत गेली. मग त्यांनी टाचा जुळवल्या, नळाला पलटणीतला कडक सलाम ठोकला, सायकल काढली आणि परदेशीपुऱ्याच्या वाटेला लागले.

खिडकीतून इरावती मॅडम बघत होत्या, सायकल वळणाआड जाईपर्यंत. मागे टेबलावर वासुदेव आपल्या पाण्यात निवांत पडून होता.