दुसऱ्या घरचं बी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही.

बोलताना दोन बोटं वर करून गुरुजी म्हणायचे, "बी दोन घरी पायजे, भाऊ." मूल या तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गुरुजी जवळच्याच खेड्यातले, निवृत्त शिक्षक. धानाचं बियाणं निम्मं आपल्या ढोलीत, म्हणजे कणगीत, आणि निम्मं व्याह्याच्या घरी ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत.

सायकलवर फिरून त्यांनी धानाची रोवणी करणाऱ्या बायांची गाणी रेकॉर्ड केली होती. पहिलं गाणं त्यांच्या बायकोचं. ती पुढं वारली. गाण्याआधी ती लाजून म्हणते, "बंद करा ना जी ते." गुरुजी मला तेवढंच दोन-दोनदा ऐकवत.

घरी ठेवायची स्टोरेजची पेटी मीच त्यांना सुचवली. आत दोन डिस्क, दोन्हींवर सारखंच. एक गेली तरी दुसरी आहे.

गुरुजी हसले. "ह्या त एकाच घरात दोन ढोल्या झाल्या! घरच जळलं त मंग?"

"मग क्लाउडवर ठेवा."

"आमच्या गावी नेट? फोन लावाले मोहाच्या झाडाखाली जा लागते."

म्हणून तिसरी डिस्क माझ्या दुकानात राहिली. दर आठवडी बाजाराला ते नवं रेकॉर्डिंग आणत, मी उतरवून घेई.

लग्नसराईत एक फोटोग्राफर अडला. दुकानात कोरी डिस्क नव्हती. मी गुरुजींची पुसून त्याला दिली. चार दिवसांत नवी आणू, त्यांच्या पेटीवरून पुन्हा भरू, असं म्हटलं. चार दिवसांचे दोन महिने झाले. दर बाजाराला गुरुजी येत. मी रेकॉर्डर जोडायचो, थोडा वेळ स्क्रीनकडे बघायचो आणि म्हणायचो, "झालं, गुरुजी."

मग त्यांच्या घरावर वीज पडली. पेटी दोन्ही डिस्कसकट जळली. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. चेहऱ्यावर काळजी नव्हती. दोन बोटं वर केली, त्यातलं एक मिटलं.

"एक घर गेलं, भाऊ. काढा आता दुसऱ्या घरचं."

मी म्हणालो, "गुरुजी, माझीही डिस्क बिघडली."

ते बाकावर बसले. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी काऊन तोंड पाडता? मशीन हाये ते. तुमची काय चूक?"

पुढच्या रोवणीला ते पुन्हा रेकॉर्डर घेऊन धानाच्या बांध्यांवर गेले. जुन्या गाणाऱ्या तीन-चारच उरल्या होत्या. त्यांचं जे आलं ते मी खरंच उतरवलं, दोन घरी ठेवलं. मागच्या थंडीत गुरुजी गेले.

वरोऱ्याहून त्यांची मुलगी फोन करते. "भाऊ, एखाद्या जुन्या डिस्कात आईचा आवाज सापडते का, पाहा ना."

"पाहून राह्यलो, ताई," मी दर वेळी सांगतो.

डिस्क बिघडली नव्हती, मी पुसली होती. एवढं एक वाक्य मी गुरुजींचं देणं लागत होतो, ते राहून गेलं. त्यांच्या मुलीचं अजून लागतो.