वरच्या नळीची उंची

"निलेश चालला गुजरातला... बायको-मुलीसकट... आणि खोली—" जिन्यात एवढंच ऐकलं आणि खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली! पुढचं बुडालं. आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये किस्से असे अर्धेच सापडतात. उरलेले मला जाऊन आणावे लागतात. निलेशचे तर माझ्याकडे ढीगभर साठलेत.

हा समोरच्या दाराचा. कारखान्यात वेल्डर होता, कारखानाच बंद पडला. मग कॉम्प्युटरवर सायकलच्या फ्रेमचं डिझाइन करायला लागला. "पहिली सायकल जमली तर इथंच राहू, नायतर गुजरातेत, वापीला नोकरी," असं बायकोला सांगत होता, तेव्हा मी सहज दारातच होते.

* * *

एकदा त्याच्या स्क्रीनमध्ये डोकावले. सायकलीवर बाण, रेघा, आकडे! "अरे, हिला कांजिण्या आल्यात का?"

"सगळी मापं चालू हायत, काकू. यादीतली टिक काढली की माप लपतं."

"म्हणजे जातं?"

"नाय, आत असतंच. फक्त दिसत नाय."

मी मागं उभ्या आमच्या ह्यांच्याकडे बघून विचारलं, "ह्यांच्या पोटाची टिक काढता येईल?"

* * *

पहिलं गिऱ्हाईक सुमनताई. मनोरकडच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्यसेविका. सायकलसाठी त्यांच्या पायाचं माप हवं होतं: भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन्ही पायांमध्ये अगदी वर जाड पुस्तक धरायचं आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. निलेश लाजून बाहेर पळाला, "काकू, तुमीच घ्या!"

पुस्तक त्याच्या मुलीचं, गणिताचं. ती म्हणाली, "चला, पहिल्यांदा कामाला आलं!"

* * *

निलेशनं छान सुटसुटीत चित्र छापलं. दुसऱ्या दिवशी नळ्या कापायच्या होत्या.

मी म्हटलं, "ही सीटपासून हँडलपर्यंतची वरची नळी जमिनीपासून किती?"

"ते माप लपवलंय. चित्र साफ दिसावं म्हणून."

"मग दाखव की!"

कॉम्प्युटरवरची यादी सगळी इंग्रजी. मी चित्रावर बोट ठेवून बसले, तो शोधत राहिला. शेवटी टिक केली, बाण उमटला. आकडा सुमनताईंच्या पायाच्या मापापेक्षा बोटभर जास्त! म्हणजे थांबल्यावर पाय जमिनीला टेकणारच नाहीत, त्यात बाई साडीवाल्या.

निलेशनं नळी खाली खाली तिरकी करत नेली. आकडा उतरत होता तसा माझा जीव भांड्यात पडत होता.

पुढं सुमनताई साडी सावरत त्या सायकलवर बसल्या आणि वळून न बघता गेल्या. निलेश म्हणाला, "बरं झालं काकू, तुमी डोकावलात."

सासूबाईंपासून सगळ्यांनी माझ्या डोकावण्याला नावंच ठेवली. 'बरं झालं' म्हणणारा हा पहिलाच. मी घरी जाऊन उगाच चहा ठेवला, डोळे पुसायला.

* * *

म्हणून तर परवा जिन्यातलं ऐकून रात्रभर कूस बदलत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराला कुलूप! सायकल जमली, तरी गेला? न सांगता? मी रडले. रडता रडताच सफाळ्याच्या बहिणीला फोन केला, "समोरची खोली रिकामी होतेय, ये लवकर."

तिसऱ्या दिवशी खाली टेम्पो थांबला. जिना चढून निलेश, बायको, मुलगी आणि लांबलचक नळ्यांचा भारा वर आला!

"खोली बंद ठेवून नळ्या आणायला वापीला गेलतो, काकू. सुमनताईंच्या दोन मैत्रिणींना पण सायकल हवीय. पोरीला सुट्टी, म्हणून तिघं गेलो."

इकडे माझी बहीण त्याच्याच दारात टेप लावून उभी होती, कपाट आत जाईल का बघत.

निलेशनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नळ्या खाली ठेवल्या.

"मावशी, दाराची वरची उंची पण घ्या. तीच मोजायची राहते!"