उजव्या विंगेतून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नाटकमंडळीत तर नाहीच. आता थकलोय बघा — लपवून लपवूनच थकलोय. म्हणून तुम्हाला सांगतो.

आमच्या साताऱ्याच्या हौशी मंडळींचं एक नाटक आहे, एका थोर लेखकाच्या आयुष्यावरचं. लेखकाचं काम अण्णा करायचे. तोफखान्यातून निवृत्त झालेला गडी, पण चष्मा लावून टेबलाशी लिहायला बसला की पब्लिक चिडीचूप. मी प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन उभं राहायचं, कुणी अडलं की वाक्य पुरवायचं. अख्खा लेखक मला पाठ — आणि टाळ्या अण्णांना! जळायचो हो मी. खोटं कशाला बोलू?

अण्णांचा उजवा कान तोफेनं गेलेला. हे फक्त मला ठाऊक. "कुणाला बोलू नगंस गड्या, काम काढून घेतील," म्हणाले होते. म्हणून मी कायम त्यांच्या डाव्या हाताच्या विंगेत.

सांगलीच्या प्रयोगाला मी उजवीकडं उभा राहिलो.

का? मनाची समजूत घातली, डावीकडं सामानाची गर्दी आहे. गर्दी कसली डोंबलाची — एक खुर्ची होती. शेवटच्या अंकात लेखक गेलेल्या मुलीला पत्र लिहितो, तिथं अण्णा अडले. मान डावीकडं, अंधाराकडं वळली. मी उजवीकडून, टेबलापासून लांब, पार पहिल्या रांगेजवळच्या कोपऱ्यातून वाक्य दिलं. मोठ्यानं दिलं, पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं. पुन्हा दिलं. लोक हसायला लागले. अण्णा तसेच बसून. शेवटी पडदा पाडावा लागला.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं व्हतास रं?"

"डावीकडंच की, आवं. दोनदा दिलं वाक्य."

पहिल्या रांगेतले लोकही आत येऊन तेच म्हणाले — दिलं होतं, आम्ही ऐकलं. अण्णा खाली बसले. डाव्या कानात बोट घालून हलवत राहिले. "ह्योबी गेला म्हणायचा," एवढंच बोलले.

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी वही मिटून काखेत मारली. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "तुझं पाठ हाय. तू कर."

तेव्हापासून लेखक मी. टाळ्या मला, पण त्यात चव नाही. अण्णांना घरात सगळं ऐकू येतं, "पण स्टेजवर भरवसा न्हाई" म्हणतात. करमेना म्हणून त्यांनी प्रॉम्प्टरचं काम मागून घेतलं.

परवाच्या प्रयोगाला त्या पत्रापाशी मीच अडलो. तेवढ्यात जवळच्या विंगेतून अण्णांनी वाक्य दिलं — अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल एवढंच. पब्लिकला कळलंसुद्धा नाही.