कमी मात्रेच्या उंदरांची बातमी

माझी काकी तलासरीच्या पूर्वेकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या पाड्यावर राहायची. सांधे धरले, पाय सुजले की आसपासची माणसं तिच्याकडे यायची. ती एका कंदाची वाळवून कुटलेली पूड द्यायची. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढीच, आठ दिवस. मग आठ दिवस बंद. पोराटोरांना नाही, पोटुशी बाईला तर मुळीच नाही. कंदाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

मी तेव्हा डहाणूजवळच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकत होते. शेवटच्या वर्षी प्रबंधाला विषय हवा होता, म्हणून मी प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना काकीच्या कंदाबद्दल सांगितलं. त्यांना तो आवडला. काकी तर हरखलीच. स्वतः रानात जाऊन तिने कंद खणून आणले, धुऊन, चकत्या करून वाळवले. "माझं औषध कॉलेजात चाललं म्हण की," ती काकांना म्हणाली.

प्रयोग पांढऱ्या उंदरांवर होता. रीतसर परवानगी मिळाल्यावर आम्ही त्यांच्या मागच्या पायात सूज आणणारं इंजेक्शन दिलं आणि चार गट केले. एकाला नुसतं पाणी, बाकी तिघांना कंदाचा अर्क: कमी, मधली आणि जास्त मात्रा. रोज सकाळी प्रत्येकाचं वजन करायचं, त्या वजनाच्या हिशोबाने अर्क काढायचा आणि टोकाला गोळी असलेल्या बोथट सुईने तोंडावाटे थेट पोटात सोडायचा. असं चार आठवडे. जास्त मात्रा एकदाच देऊन आम्ही आधी पाहिलं होतं, काही झालं नव्हतं. त्यामुळे भीती वाटली नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कमी मात्रेच्या उंदरांचे पाय मोजले तर सूज बरीच उतरलेली. मला राहवलं नाही. कॉलेजच्या जिन्यात उभी राहून मी काकीला फोन लावला.

"काकी, तुझं औषध लागू पडतंय! उंदीर नीट चालायला लागले."

"मी काय सांगत होते?" ती हसली. मग म्हणाली, "आणि जास्ती दिलंय त्यांचं काय?"

"त्यांचीही सूज उतरलीय. कोणालाच काही त्रास नाही."

एवढंच बोलले मी. खरं तर मधल्या आणि जास्त मात्रेत काही फरकच दिसत नव्हता. मात्रा दुप्पट केली तरी सूज तेवढीच उतरत होती. हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. फोनवर ते सांगावंसं मला वाटलं नाही.

चौथ्या आठवड्यात जास्त मात्रेचे उंदीर खाईनासे झाले. केस पिंजारून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहायचे. उचलले तर हातात ढिले पडायचे. एका सकाळी दोन मेलेले सापडले. मॅडमनी त्या गटाचा डोस तिथेच थांबवला आणि मेलेल्या उंदराचं पोट उघडून दाखवलं. यकृत फिकट, ठिपक्याठिपक्यांचं झालं होतं. "एकदा घेऊन काही होत नाही, पण रोज घेतलं की साठत जातं," त्या म्हणाल्या. कमी मात्रेचे उंदीर तेव्हाही पिंजऱ्यात टुणटुणीत फिरत होते.

मी काकीला फोन केला. लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही, तेव्हा मी घरी निघाले. चारोटीला बस बदलायची होती, ती तासभर आलीच नाही. हायवेवरचे ट्रक बघत मी उभी होते आणि स्वतःला समजावत होते की काकी असं काही करणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना नखभर देणारी बाई.

ती अंगणात खाटेवर पडली होती. तिचे डोळे मला लांबूनच पिवळे दिसले.

"काकी, किती घेत होतीस?"

"चमचाभर. सकाळ-संध्याकाळ."

"मधे बंद नाही केलंस?"

"कशाला? लावणी तोंडावर आली होती, गुडघे उचलत नव्हते. तूच सांगितलंस ना, जास्ती दिलं त्यांनाही काही नाही झालं." त्यात तक्रार नव्हती. मी विसरले असेन म्हणून आठवण करून दिल्यासारखं ती बोलली.

काकांनी आणि मी तिला जीपमध्ये घालून डहाणूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच सगळं सांगितलं. माझी वही दाखवली. त्यांनी ती नीट वाचली. "यामुळे असू शकतं. खात्रीने नाही सांगता येणार," ते म्हणाले. पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथून काही दिवसांनी घरी आणलं. लावणी संपायच्या आत ती गेली.

प्रबंध मी पूर्ण केला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "पुढे हे माणसांना द्यायचं तर काय काळजी घ्याल?" मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्या फोनबद्दल मी काकांना पुष्कळ उशिरा सांगितलं. ते कुंपणाला काट्या बांधत होते. मी म्हणाले, "काका, तेव्हा मी तिला अर्धवटच सांगितलं. नाहीतर तिने वाढवलं नसतं."

त्यांनी हातातली गाठ पक्की केली. "फोन ठेवल्यावर ती पाड्यावर सगळ्यांना सांगत फिरली," ते म्हणाले. "आमच्या पोरीने तपासलंय म्हणून. दोन-तीन बाया तेव्हापासून जास्तीच घेत होत्या."

"त्या कशा आहेत?"

"एकीला बरं नाही. तिच्या घरचे आपल्याशी बोलत नाहीत."

मी तिच्या घरी गेले. दार उघडं होतं. तिच्या सासूने मला ओळखलं, ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही. मी थोडा वेळ ओट्यापाशी उभी राहिले. मग परत फिरले.